खुर्चीच्या मापाचं दार

हॅडविकमध्ये जी जी माणसं शाळेच्या बसने गेली, ती पन्नाशीला आली तरी बसचे ड्रायव्हर ऑरिन वॅडली यांना 'मिस्टर वॅडली' असंच म्हणायची. मीही त्यातलीच. गावातल्या पुढाऱ्यांना आम्ही नावाने हाक मारतो, पाद्रीबुवांनाही मारतो. पण ज्या माणसाने रोज सकाळी आरशातून आपल्याला बाहीला नाक पुसताना पाहिलंय, त्याला नावाने हाक कोणत्या तोंडाने मारणार? ते मात्र आम्हाला आडनावाने पुकारत. "सिल्वेरा, खाली बस." गाडीतलं शेवटचं पोर खाली बसेपर्यंत त्यांचं चाक हलत नसे. एकदा मी हट्टाने उभी राहिले, तर त्यांनी इंजिन बंद केलं, वर्तमानपत्र उघडलं आणि वाचत बसले. शेवटी बाकीच्या पोरांनी मला ओढून खाली बसवलं. त्या दिवसानंतर त्यांनी 'खाली बस' म्हटलं की माझे गुडघे माझं ऐकत नसत, त्यांचं ऐकत.

बाकी त्यांचं बोलणं म्हणजे आनंदच. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा माणूस. आमच्या गावात असली माणसं पैशाला पासरी, पण त्यातही हे वरचढ. लग्नाच्या दिवशी बायकोला ते एवढंच म्हणाले होते म्हणे, "छान दिसतेस. गाडीत बस." मिरियमबाई हे हसत हसत सांगायच्या. त्यांना त्यातच सगळं ऐकू आलं होतं, असं त्या म्हणायच्या. सगळ्यांचे कान तसे नसतात, हीच तर गोष्ट आहे.

त्यांच्या कोठारामागे एक डबकं आहे. मार्चअखेर बर्फ वितळलं की भरतं आणि ऑगस्टमध्ये इतकं कोरडं होतं की चादर पसरून जेवायला बसावं. मिरियमबाई लग्न होऊन आल्या तेव्हा एप्रिलच्या एका सकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, बदकं फार कलकलाट करतायत, जरा हुसकून या. हे गेले आणि परत आले. म्हणाले, "बदकं नाहीत. बेडूक आहेत." आमच्या रानातले ते बेडूक खरोखर बदकांसारखेच ओरडतात. पुढे मिरियमबाईंना पोटाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्यांनी आपली खाट मागच्या खिडकीशी लावून घेतली. तो एप्रिल त्यांनी बेडूक ऐकत काढला. मे महिना त्यांना दिसला नाही.

त्याच वर्षी शेजारचं रान कुणा बाहेरच्याने विकत घेतलं आणि तिथली तशीच दोन डबकी एका दुपारीत खडी टाकून बुजवली. मिस्टर वॅडली कुंपणाशी उभे राहून पाहत होते. दुसऱ्या दिवशी बसचा गणवेश न बदलताच ते टाउन हॉलमध्ये आले आणि पाणथळ समितीत एक जागा रिकामी होती तिच्यावर नाव घातलं. या समितीत पगार नाही, मान नाही, आणि शिव्या भरपूर आहेत. ज्याला ओढ्याजवळ, दलदलीजवळ, डबक्याजवळ काही बांधायचंय, त्याने आधी या पाच माणसांसमोर यायचं. पाचही गावातलेच, कुणी तज्ज्ञ वगैरे नाही. काही वर्षांत ते अध्यक्ष झाले.

हे सगळं मला कसं माहीत? मी फिल सिल्वेरा, टाउन हॉलची राखणदार. झाडते, खुर्च्या मांडते, कॉफीचं भांडं चढवते, शेवटचा माणूस गेला की कुलूप लावते. समितीत मला मत नाही, पण कान आहेत. शिवाय मी त्यांची शेजारीणही, रस्त्यापलीकडची.

आपल्या कोठारामागचं डबकं त्यांनी कमरेपर्यंत पाण्यात उतरून, बेडकांच्या अंड्यांचे ते बुळबुळीत गोळे दाखवून राज्याच्या दप्तरी संरक्षित म्हणून लावलं. आमच्या गावातलं ते पहिलं. मग त्यांनी गावसभेत नियम मांडला की अशा डबक्यापासून शंभर फुटांत काहीही बांधायचं नाही. राज्याचा नियम इतका कडक नाही, आमचा आहे. त्या सभेत ते आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं लांब बोलले. "डबकं म्हणजे नुसतं पाणी नाही," ते म्हणाले. "तिथे जन्मलेलं पोर उरलेलं सगळं वर्ष भोवतालच्या रानात राहतं. आपण पाळणा ठेवला आणि घर पाडलं, तर पोरानं जायचं कुठे?" एवढं बोलून त्यांना घाम फुटला. गावाने हात वर केले आणि नियम झाला.

अध्यक्ष म्हणून ते नकोसे होते, खोटं कशाला बोलू. शनिवारी सकाळी समिती जागा बघायला जाते. पाणथळाची हद्द गुलाबी फिती बांधून दाखवलेली असते आणि तिच्यामागून सगळे रांगेने चालतात. एका दंतवैद्याला टेनिस खेळायला जागा करायची होती. त्याच्या फिती आदल्या शनिवारपेक्षा दलदलीच्या बऱ्याच जवळ दिसल्या. तो म्हणाला, "वाऱ्याने सरकल्या असतील." मिस्टर वॅडलींनी एक फीत बोटात धरून पाहिली. "गाठ सोडायची, चार झाडं पुढे जायचं आणि परत गाठ मारायची. असा वारा आमच्या गावात नवीन आहे." त्या दंतवैद्याने पुढे त्यांची दाढ पैसे घेऊनसुद्धा काढायला नकार दिला.

प्रत्येक जागेवर ते एक प्रश्न हमखास विचारत. "स्वयंपाकघराची खिडकी कुठे येणार?" लोक चक्रावून जात. पाइप विचार, उतार विचार, खिडकीचं काय? मी एकदा कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "रोज भांडी घासताना जे समोर दिसतं, ते माणूस बुजवत नाही."

आणि रॉस्कोचा बाक. तो सांगायलाच हवा. रॉस्को डीन समितीतला जुना सभासद, लाकडाच्या वखारीत कामाला. त्याच्या भावाच्या गॅरेजचा अर्ज आला तेव्हा नियमाप्रमाणे तो टेबलावरून उठला आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. मिस्टर वॅडली म्हणाले, "रॉस्को, बाहेर."

"अरे, मी एक शब्द बोलत नाहीये."

"तुझा चेहरा बोलतोय. बाहेर."

"मग काय डोक्यात पिशवी घालून बसू?"

"पार्किंगमध्ये बाक आहे. तिथे बस."

रॉस्कोच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की वर्षभर तो त्यांच्याशी बोलला नाही. भावाचं गॅरेज मंजूर झालं, तरी नाही बोलला. पण तेव्हापासून पद्धतच पडली. ज्याच्या घरच्यांचा अर्ज, त्याने पार्किंगमधल्या मेपलच्या झाडाखालच्या त्या बाकावर जाऊन बसायचं. आम्ही त्याला रॉस्कोचा बाक म्हणतो. तिथे बसणं म्हणजे मला माझ्या माणसासाठी काही मागायचं नाही, असं न बोलता सांगणं.

आता त्यांच्या मुलीकडे येते. लिडिया, एकुलती एक. ओहायोत असते. तिचा नवरा कर्टिस ट्रक चालवायचा. एका अपघातात त्याचे पाय गेले, म्हणजे आहेत, पण चालत नाहीत. तेव्हापासून चाकांची खुर्ची. इकडे मिस्टर वॅडलींच्या हाताला कंप सुटला. आधी तो मला कॉफीच्या कपात दिसला. मी त्यांचा कप अर्धाच भरायला लागले. त्यांनी पाहिलं आणि तेवढीच कॉफी प्यायला लागले.

त्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, लिडिया आणि कर्टिस आले होते. मी माझ्या आईच्या पद्धतीचा गोड पाव घेऊन गेले, आणि गेले म्हणून जेवायलाही बसले. ते घर जुनं, अरुंद माणसांसाठी बांधलेलं. दारात तीन पायऱ्या, आत दारं इतकी चिंचोळी की कर्टिसची बोटं दर चौकटीला खरचटत. न्हाणीघरात तर खुर्ची जातच नव्हती. लिडिया त्याला उचलून नेई. तो विनोद करी, "उंबऱ्यावरून उचलून नेतात ती नवरी मुलगी मीच आहे आमच्यात." हसलो सगळे. पण त्याच्या बोटांच्या पेरांवर जुन्या खपल्यांवर नव्या खपल्या होत्या, आणि मिस्टर वॅडली त्या खपल्यांकडेच पाहत होते.

जेवण झाल्यावर लिडियाने विषय काढला. "बाबा, आम्ही इकडेच आलो तर? कोठारामागे एक बैठं घर बांधू. पायऱ्या नाहीत, दारं रुंद. तुमच्याकडे लक्ष राहील, आणि तुम्हाला कर्टिसची पत्त्यांना सोबत."

पुढच्या बाजूला सगळा कातळ, उजवीकडे दलदल. कोरडी सपाट जमीन म्हणाल तर कोठार आणि डबकं यांच्यामध्ये, तेवढीच. आणि ती शंभर फुटांच्या आत. समितीला खास अडचण पाहून सवलत देता येते. अशी सवलत त्यांच्या काळात कुणालाही मिळाली नव्हती.

मिस्टर वॅडलींनी काटा खाली ठेवला. "समितीकडे अर्ज कर."

"अर्ज करीन हो. पण तुम्हाला हवंय का, ते सांगा ना."

"समिती बघेल."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय मागे घेतला. लिडियाने बापाकडे पाहिलं, मग बश्या गोळा करायला लागली. बश्या जरा जोरात वाजल्या. निघायच्या वेळी मिस्टर वॅडली कमरेचा पट्टा काढून कर्टिसच्या खुर्चीच्या चाकांवर आडवा धरून काहीतरी करत होते. लिडिया म्हणाली, "बाबा, काय चाललंय?" तर म्हणाले, "पट्टा सैल झालाय." आणि पट्ट्यावर नखाने खूण केली, ती फक्त मी पाहिली.

त्या हिवाळ्यात त्यांनी कोठारात एक दार केलं. देवदाराच्या फळ्या कोठारात कधीच्या पडून होत्या, त्या काढल्या. हात थरथरायचे, म्हणून रंधा मारताना ते फळीवर छातीचा भार द्यायचे. दुसरं टोक मी धरायची. शेगडी पेटलेली असे तरी बोटं गारठायची. दार, दाराची चौकट, सगळं त्या पट्ट्याच्या खुणेवरून, आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा जास्त. खाली उंबरा नाही.

त्या कोठारात ते जितकं बोलले तितकं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाही. "लिडीच्या खिडकीतून डबकं दिसेल. तिची आईपण बघायची. कर्टिस म्हणतो त्याने बेडूक असे कधी ऐकले नाहीत. ऐकेल आता." बर्फ गेल्यावर त्यांनी मिरियमबाईंच्या रुबार्बची, त्या आंबट देठांच्या भाजीची, मुळं उपटून त्या मोकळ्या जागेच्या कडेला लावली. तिथे चार खुंटही ठोकले, घराच्या कोपऱ्यांचे. डबक्यात बेडूक नुसते पेटले होते. ते दोन खुंटांच्या मधे, जिथे खिडकी येणार तिथे, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. मी माझ्या अंगणातून पाहायची. मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू.

मी विचारलं, "हे सगळं लिडियाला सांगितलंत?"

"अर्ज चालू आहे. अर्ज चालू असताना अध्यक्ष बोलत नाही."

"अध्यक्षाला घाला चुलीत. बाप बोलतो की!"

"दोघं एकाच पाटलोणीत आहेत, सिल्वेरा."

सुनावणीच्या दिवशी मी सकाळीच बर्निस प्रॅटकडे गेले. ती उपाध्यक्ष, शाळेत गणित शिकवायची. म्हटलं, "बर्निस, मिस्टर वॅडलींनी त्या घरासाठी..." तिने हात वर केला, वर्गात करायची तसा. "फिल, सुनावणीबाहेर मी काही ऐकू शकत नाही. ऑरिननेच मला शिकवलंय ते. बोलायचं तर संध्याकाळी सगळ्यांसमोर बोल." ठीक आहे, म्हटलं, सगळ्यांसमोर बोलेन.

संध्याकाळी मी खुर्च्या मांडल्या. लिडिया एकटीच ओहायोहून गाडी चालवत आली होती, डोळ्यांखाली काळं. मिस्टर वॅडली कोट घालून, भांग पाडून आले. जमिनीचे मालक म्हणून त्यांना अर्जदाराच्या बाजूला, मुलीशेजारी बसता आलं असतं. तसं बसलेलं कायद्यात चालतं. बर्निसने त्यांच्यासाठी लिडियाच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला मला सांगितलंही होतं. अर्ज पुकारला गेला. मिस्टर वॅडली अध्यक्षाच्या खुर्चीतून उठले, त्या रिकाम्या खुर्चीपर्यंत आले, तिच्या पाठीवर हात टेकून क्षणभर थांबले. मला वाटलं, बसले. मग ते दाराकडे चालू लागले.

लिडिया वळून पाहत राहिली. मी त्यांच्या मागे धावले, ते त्यांना ओढून आणायला.

ते रॉस्कोच्या बाकावर बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, कंप दिसू नये म्हणून.

"उठा," मी म्हणाले. "आत चला. एक वाक्य बोला, फक्त एक. 'मला माझी मुलगी जवळ हवी आहे.' म्हणून दाखवा बघू."

"रॉस्कोला मी इथे बसवलं होतं."

"त्याच्या भावाच्या गॅरेजचं होतं ते! ही तुमची पोर आहे."

"मी आत बसलो तर ते नाही म्हणू शकणार नाहीत. त्यांना हो म्हणायचं असेल तर त्यांचं त्यांनी म्हणावं."

"आणि नाही म्हणाले तर?"

त्यांनी टाउन हॉलच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना घराबाहेर ठेवलं, सिल्वेरा. माझ्यासाठी दार उघडं ठेवायला कसं सांगू?"

मी हातापाया पडले, रागावले, रडलेसुद्धा. त्यातच वेळ गेला. आत जाऊन मी बोलायचं ते राहिलंच. आत काय झालं ते मला नंतर रॉस्कोने सांगितलं. तो तेव्हाही समितीत होता. समितीतल्या चौघांनाही सवलत द्यायची होती. अडचण खरी होती, घर लहान होतं. बर्निसने लिडियाला विचारलं, "तुमच्या वडिलांना हे हवं आहे का?" लिडिया म्हणाली, "मला माहीत नाही. मी विचारलं होतं. ते म्हणाले, समिती बघेल." मग सगळ्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

तेव्हा रॉस्को बोलला, आणि त्याने जे केलं ते प्रेमानेच केलं, हे मी आजही म्हणेन. "ऑरिनला काय हवंय ते तो उठून जाऊन सांगून गेलाय. त्याला आत बसायचा हक्क होता. तो माझ्या बाकावर जाऊन बसला. डबकं त्याच्या बायकोचं आहे, नियम त्याचा आहे. आपण त्याला सवलत दिली तर तो उद्या गावात मान वर करून चालेल का?" बर्निस म्हणाली, पोरीला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं असेल, ते ओझं आपण उचलू. चौघांचे हात नकाराला वर गेले. हात वर करताना रॉस्कोच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. मित्रासाठी इतकं चांगलं काम आपल्या हातून प्रथमच होतंय, असं त्याला वाटलं होतं. मी त्याला दाराचं सांगितलं तेव्हा तो वखारीत ओंडक्यावर बसला आणि बराच वेळ टोपी चुरगळत राहिला.

लिडिया पार्किंगमध्ये आली. मिस्टर वॅडली उभे राहिले.

"नाही म्हणाले," ती म्हणाली. "फार चांगले लोक आहेत तुमचे, बाबा. सगळे तुमचंच कौतुक करत होते."

मिस्टर वॅडलींचा चेहरा मी पाहिला. लहान पोराच्या हातून काही निसटून फुटावं तसा तो झाला होता. पण लिडिया गाडीच्या किल्ल्या शोधत होती. वर पाहीपर्यंत त्यांनी तो आवरला होता.

"नियम आहे, लिडी."

"हो. माहीत आहे मला."

मला राहवेना. "लिडिया, ऐक माझं. त्यांना तू हवी आहेस. कोठारात चल, आत्ताच्या आत्ता चल, त्यांनी तिथे..."

"सिल्वेरा, खाली बस."

आणि मी बसले. नातवंडं झालेली बाई मी, बाकावर मटकन बसले.

लिडियाने बापाकडे पाहिलं. "फिल काय म्हणतेय, बाबा?" ती वाट पाहत होती. मला वाटतं, त्या क्षणी तिने कुठलाही शब्द चालवून घेतला असता.

"रस्त्यात काहीतरी खाऊन घे," ते म्हणाले. "उपाशी गाडी चालवू नको."

तिच्या आईला त्यातच सगळं ऐकू आलं असतं. लिडिया म्हणाली, "बरं," आणि गेली.

मी तिला पुढच्या आठवड्यात फोन केला. दाराचं सांगितलं, खुंटांचं, रुबार्बचं. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "फिल, बाबा सगळ्या गावासाठी काहीबाही करत असतात. हवं असतं तर म्हणाले असते. तोंड आहे त्यांना." मी मिस्टर वॅडलींना म्हटलं, वर अपील करा. ते म्हणाले, "माझ्याच नियमावर?" उन्हाळ्यात लिडिया आणि कर्टिसने ओहायोतच एक बैठं घर घेतलं. ते कळल्यावर मिस्टर वॅडलींनी अध्यक्षपद सोडलं. कंप वाढलाय म्हणाले. कंप वाढला होताच. त्यांनी चारही खुंट उपटले आणि सरपणात टाकले. रुबार्ब मात्र तिथेच राहू दिलं.

पुढच्या मार्चमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात मी आणि रॉस्को आळीपाळीने बसायचो. ते कुणाशीच बोलत नव्हते. लिडिया निघाली होती, पण वाटेत बफेलोला हिमवादळाने तिला अडवलं, आणि ती पोचली तेव्हा खाटेवर दुसरी चादर घातलेली होती. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला होता. वादळाचा, समितीचा, बेडकांचासुद्धा. त्यांच्यावर तर इतका राग होता की दफनाच्या वेळी माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

एप्रिलमध्ये लिडिया आणि कर्टिस घर आवरायला आले. डबकं भरलं होतं, बेडूक ओरडत होते. कर्टिस अंगणात खुर्ची थांबवून म्हणाला, "शपथेवर सांगतो, बदकंच आहेत." लिडियाने कोठाराचं मोठं दार सरकवलं आणि आत गेली. मी मुद्दामच मागे राहिले. मग तिची हाक आली. "फिल, हे काय आहे?"

दार चौकटीसकट उभं होतं. खाली वखारीतल्या जाड फळ्यांचा आधार, वर तुळईला बांधलेलं. कोठाराच्या मधोमध एकटंच दार, भिंती नसलेलं. रंधा मारून मारून गुळगुळीत केलेलं, फक्त काही ठिकाणी पातं घसरून ओरखडे उठलेले.

"फोनवर सांगितलं होतं ना मी."

"मला वाटलं..." तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ फार खाली होती, तिच्या मांडीच्या उंचीला. ती वाकून पाहायला लागली आणि मग तिला कळलं, ती उंची कुणाची आहे.

"हे त्यांनी अर्जाच्या आधी केलं?"

"दार आधीच झालं होतं. मूठ नंतर बसवली. तुम्ही तिकडे घर घेतलंत, त्याच्यानंतर."

तिने दार उघडलं, तसा कर्टिस पुढे आला. त्याने सवयीने कोपर आत ओढले, बोटं चाकांवरून सैल केली, जशी तो प्रत्येक दाराशी करतो. खुर्ची आरपार गेली. कुठेही घासली नाही. तो पलीकडे थांबला, हातांकडे पाहिलं, उलटा फिरला आणि परत आला. पुन्हा गेला. त्याला काहीतरी विनोद सुचत होता, पण तो झाला नाही.

लिडिया त्याच्या मागून पलीकडे गेली आणि तिने दार लावून घेतलं. ते आवाज न करता लागलं. आम्ही काही वेळ बेडूक ऐकत उभे होतो, म्हणजे मी अलीकडे आणि ती दोघं पलीकडे. मग तिने दार वाजवलं. हळूच, दोनदा, आणि म्हणाली, "बाबा, आम्ही आलो."

उघडायला दुसरं कुणी नव्हतं. मी मूठ फिरवली.